मूल अमेरिकन, आईबाप मेक्सिकन: धरपकड झाली की मुलाचं नेमकं काय होतं?

प्रश्न असा आहे: अमेरिकेत जन्मलेलं मूल जन्मतःच नागरिक होतं, मग त्याच्या मेक्सिकन आईवडिलांना देशाबाहेर कसं काढतात? आणि काढलंच, तर मुलाचं पुढे काय? पहिल्या भागाचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडतं. दुसऱ्याचं सापडत नाही, म्हणून तिथे जास्त थांबू.

मुलाच्या नागरिकत्वाचा आईबापाला मूल २१ वर्षांचं होईपर्यंत काडीचा उपयोग नाही. पालकांसाठी अर्ज करायला मूल २१ पूर्ण लागतं. (हा आकडा अमेरिकेतल्या मराठी घरांतही घोकला जातो, पण उलट्या कारणाने: एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावरचं मूल २१ चं झालं की आईबापाच्या व्हिसावरून गळतं.) मूल २१ चं झाल्यावरही वाट सरळ नाही. व्हिसा घेऊन आत येऊन मुदत संपल्यावर राहिलेल्या पालकाला देशात बसूनच ग्रीन कार्ड मिळू शकतं. वाळवंटातून, तपासणीविना आलेल्याला ते साधारणपणे मिळत नाही. त्याला मुलाखतीसाठी सीमेपलीकडे स्यूदाद ह्वारेसच्या अमेरिकन वकिलातीत जावं लागतं, आणि देशाबाहेर पाऊल टाकलं की १९९६ च्या कायद्याची बंदी लागू होते. बेकायदा वास्तव्य १८० दिवसांहून जास्त पण वर्षाच्या आत असेल तर ३ वर्षं, वर्ष किंवा त्याहून जास्त असेल तर १० वर्षं. या बंदीतून माफी मागता येते, पण त्यासाठी ज्याचे हाल दाखवायचे ती व्यक्ती अर्जदाराचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नवरा, बायको, आई किंवा वडील असली पाहिजे. त्या यादीत मूल नाही. अनेक घरं वकिलाच्या टेबलाशी येऊन इथेच थबकतात, कारण त्यांच्याकडे दाखवायला फक्त मूलच असतं.

याहून वाईट एक कलम आहे. एकूण वर्षापेक्षा जास्त बेकायदा राहून बाहेर गेलेला माणूस पुन्हा चोरवाटेने आत आला, तर बंदी कायमची. दहा वर्षं बाहेर काढल्याशिवाय परवानगीचा अर्जसुद्धा करता येत नाही. २००३ साली आईच्या मातीला गावी गेला आणि पंधरा दिवसांत परत शिरला, अशी माणसं यात अडकतात. वकिलाने पहिल्या भेटीत 'कधी आलात?' एवढंच विचारून भागत नाही. 'मधे कितीदा गेलात-आलात?' हे विचारलंच पाहिजे.

मेक्सिकन कुटुंबांतच हा तिढा एवढा मोठा का, याचं कारण सीमेच्या इतिहासात आहे. १९४२ ते १९६४ ब्रासेरो करारावर शेतमजूर कायदेशीर यायचे, नंतर तेच बेकायदा येत राहिले. मिचोआकान, हालिस्को, ग्वानाह्वातो, साकातेकासचे पुरुष हंगामाला उत्तरेला जायचे आणि हंगाम संपला की घरी परतायचे. बायकामुलं गावातच. १९९३ मध्ये एल पासोला आणि १९९४ मध्ये सान दिएगोला सीमा आवळली गेली, तशी दलालाची, म्हणजे कोयोतेची फी वाढली आणि वाट वाळवंटात सरकली. मग पुरुषांनी परत जाणंच सोडलं आणि बायकामुलांना बोलावून घेतलं. त्यांना बाहेर ठेवायला बांधलेल्या बंदोबस्तानेच त्यांना आत मुक्कामी बसवलं. आज बेकायदा राहणारा किमान एक पालक असलेल्या आणि अमेरिकेत जन्मलेल्या मुलांची संख्या ४० लाखांहून जास्त आहे, आणि अशा घरांत मेक्सिकन घरांचा वाटा सर्वांत मोठा.

आता अटकेच्या दिवसाकडे. मुलाचं भवितव्य बहुतेक वेळा पहिल्या काही तासांत ठरतं आणि चुकाही तिथेच होतात.

मेक्सिकन माणसाच्या बाबतीत सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे वेग. इतर देशांच्या माणसाला विमानाची वाट पाहत ठेवावं लागतं. मेक्सिकनाला बसमध्ये घालून त्याच दिवशी सीमेपार सोडता येतं, त्याने स्वखुशीने परत जाण्याच्या कागदावर सही केली असेल तर. हा कागद 'सही कर, संध्याकाळी सुटशील' अशा थाटात पुढे येतो. दक्षिण कॅलिफोर्नियात अशा सह्या दबावाने घेतल्याच्या तक्रारींवर सामूहिक दावा झाला आणि २०१४ मध्ये सरकारने तडजोड केली. म्हणून घरात प्रत्येकाला एकच वाक्य पाठ असावं: वकिलाशी बोलल्याशिवाय सही करणार नाही. दुसरं वाक्य: मेक्सिकन वकिलातीला कळवा. काही देशांच्या बाबतीत वकिलातीला कळवणं अमेरिकेवर बंधनकारक आहे, मागणी असो वा नसो. मेक्सिको त्या यादीत नाही. माणसाने स्वतः मागितलं तरच कळवतात, आणि घाबरलेला माणूस मागत नाही. अमेरिकेत मेक्सिकोच्या ५० हून जास्त वकिलाती आहेत आणि त्यांतला संरक्षण विभाग याच कामाचा आहे.

तिसरी गोष्ट अवघड: मुलं आहेत हे सांगायचं की नाही? लोक लपवतात, कारण मुलांमागोमाग 'ला मिग्रा', म्हणजे इमिग्रेशनचे पोलीस, मावशीच्या दारात येईल ही भीती असते आणि ती पोकळ नाही. पण अटक करणाऱ्या आइस या यंत्रणेचा ताब्यातल्या पालकांसाठी एक लेखी निर्देश आहे. २०१३ मध्ये पहिल्यांदा निघाला, नंतर २०१७, २०२२ आणि २०२५ मध्ये बदलला. त्यातल्या सोयी, म्हणजे मुलाची व्यवस्था लावायला मुभा आणि मुलाच्या ताब्याच्या खटल्यात हजर राहू देणं, या पालकाने मूल असल्याचं नोंदवलं तरच कामाला येतात. माझं मत स्पष्ट आहे: मुलाला न्यायला विश्वासू माणूस आधीच ठरलेला नसेल, तर लपवू नका. शाळा सुटताना न्यायला कोणी आलं नाही तर शाळा आधी संपर्क यादीतल्या माणसांना फोन लावते, कोणीच उचलला नाही तर बालकल्याण खात्याला किंवा पोलिसांना. तिथून मूल अनोळखी घरात जातं. सगळ्या तयारीचा हेतू हा एक फोन टाळणं एवढाच आहे.

म्हणून शाळेच्या संपर्क-कार्डापासून सुरुवात करा. त्यावर आईबापाशिवाय किमान दोन नावं, आणि त्यांतलं एक तरी कागदपत्रं असलेल्या माणसाचं. ते बहुधा मावशी, काका किंवा 'कोमाद्रे' असते, म्हणजे मुलाच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता झालेली बाई. तिला हे माहीत आहे ना, ते विचारून घ्या. कार्डावर नाव असून फोन बंद, हे नेहमीचंच.

पुढचा कागद राज्यागणिक बदलतो. कॅलिफोर्नियात सांभाळणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र असतं. मूल ज्याच्याकडे राहतं तो प्रौढ त्यावर सही करतो. पालकाची सही लागत नाही, नोटरी लागत नाही. त्यावर शाळेत नाव घालता येतं. सांभाळणारा नातेवाईक असेल तर डॉक्टरी उपचारांनाही संमती देता येते, परका असेल तर फक्त शाळेसाठी लागणाऱ्या उपचारांना. टेक्ससमध्ये याच कामाच्या करारावर पालकाची सही आणि नोटरी दोन्ही लागतात, म्हणजे पालक ताब्यात गेल्यावर तो करणं महाकठीण. दुसऱ्या राज्यातल्या चुलतभावाने पाठवलेला नमुना भरून ठेवू नका, आपल्या राज्याचा घ्या. कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये आणखी एक कायदा केला, त्यानुसार २०२६ पासून पालक आपले हक्क न सोडता दुसऱ्या माणसाला न्यायालयातून सहपालक नेमून घेऊ शकतो.

नोटरी या शब्दावर जरा सावध. मेक्सिकोत 'नोतारियो' म्हणजे सरकारने नेमलेला, मोठ्या अधिकाराचा कायदेपंडित. अमेरिकेत नोटरी म्हणजे समोर सही झाली एवढं पाहणारा माणूस. या गैरसमजावर फसवणुकीचा मोठा धंदा चालतो: पाटी 'नोतारियो', फी वकिलाची, आणि भरलेला अर्ज असा की त्यातून हद्दपारीची नोटीसच घरी यावी.

बाकी कागद एका प्लास्टिकच्या पाकिटात, घराबाहेरच्या कोणालाही सापडतील असे ठेवा. मुलाचा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, औषधांची नावं व मात्रा, ॲलर्जी, मुलाचा पासपोर्ट, आणि पालकाचा ए-नंबर. ए-नंबर म्हणजे इमिग्रेशन खात्याने दिलेला सात ते नऊ आकडी क्रमांक. तो वर्क परमिटवर किंवा खात्याच्या कुठल्याही जुन्या पत्रावर असतो. आधी कधीच कागद झाले नसतील तर तो नसेल, पण असेल तर सोन्यासारखा जपा. आइसच्या संकेतस्थळावर ताब्यातला माणूस शोधता येतो, ए-नंबर आणि जन्मदेश टाकून किंवा नाव आणि जन्मदेश टाकून. नावाने शोधताना मेक्सिकन घरांची दमछाक होते, कारण आडनावं दोन असतात: पहिलं बापाचं, दुसरं आईचं. नोंदवणाऱ्याने कधी दुसरंच आडनाव म्हणून घेतलेलं असतं, कधी दोन्ही जोडलेली, कधी मधे रेघ. एक अक्षर हुकलं तरी माणूस 'सापडत नाही'. सगळे प्रकार टाकून बघा, काही तासांनी पुन्हा बघा, आणि वकिलातीलाही शोधायला लावा.

आता मूल सरकारी ताब्यात, म्हणजे सरकारने सांभाळायला दिलेल्या 'फॉस्टर' घरात, गेलंय असं धरू. इथे दोन न्यायालयं एकाच वेळी चालू होतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. इमिग्रेशन न्यायालयात वकील ठेवायचा हक्क आहे, पण स्वतःच्या पैशाने. बालकल्याणाच्या न्यायालयात बहुतेक राज्यांत पालकाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, पण पालक तिथे पोहोचतच नाही. तो कॅलिफोर्नियात पकडला गेला आणि टेक्सस किंवा लुइझियानाच्या तुरुंगात हलवला गेलेला असतो. बालकल्याण न्यायालय त्याला यादी देतं: पालकत्वाचे वर्ग पूर्ण कर, मुलाला दर आठवड्याला भेट, घर आणि नोकरी दाखव. कोठडीत यातलं काहीच शक्य नाही. फाइलवर मात्र 'सहकार्य नाही' अशी नोंद होते.

आणि घड्याळ चालू असतं. १९९७ च्या केंद्रीय कायद्यानुसार मूल मागच्या २२ महिन्यांतले १५ महिने फॉस्टर घरात राहिलं, तर राज्याने पालकाचे हक्क कायमचे संपवण्याचा अर्ज करायचा असतो. अपवाद आहेत: मूल नातेवाइकाकडे ठेवलं असेल, हक्क संपवणं मुलाच्या हिताचं नसण्याचं सबळ कारण फाइलवर असेल, किंवा राज्याने पालकाला ठरलेली मदतच दिली नसेल. पहिला अपवाद सगळ्यात भक्कम, पण तिथेच गाडी रुतते. नातेवाईक स्वतः बिनकागदाचा असतो आणि बोटांचे ठसे द्यायच्या नावाने मागे सरतो, किंवा कर्मचारीच त्याला परस्पर बाद करतो. कॅलिफोर्नियाने २०१२ मध्ये कायदा करून नातेवाइकाचा इमिग्रेशन दर्जा हे नकाराचं कारण असू शकत नाही असं ठरवलं. ओळख म्हणून वकिलातीचं ओळखपत्रही चालतं.

कोठडीतल्या पालकाने काय करायचं? बालकल्याण कर्मचाऱ्याला आणि न्यायालयाने दिलेल्या वकिलाला पत्रं लिहायची, प्रत्येकाची तारीखवार नोंद ठेवायची. मुलाला फोन करायचे, वाढदिवसाचं कार्ड पाठवायचं, त्याचीही नोंद. सुनावणीला व्हिडिओ किंवा फोनवरून हजर राहण्याची मागणी लेखी करायची. नाकारली तर नकारही लेखी मागायचा. हे किरकोळ वाटतं, पण 'पालकाने मुलाला टाकलं' या आरोपाला उत्तर म्हणून न्यायाधीशासमोर ठेवायला पुढे तेवढंच असतं. हद्दपारी झाली तर मेक्सिकोची दिफ ही कुटुंबकल्याण संस्था घरी येऊन पाहणी करते आणि अहवाल वकिलातीमार्फत अमेरिकन न्यायालयाला जातो. पाहणीची मागणी उशिरा झाली की १५ महिने उलटून जातात, म्हणून ती पहिल्याच सुनावणीत मागायची.

जामिनाचं काय? पूर्वी तपासणीविना आलेल्यालाही जामिनाची सुनावणी मिळायची, किमान रक्कम १,५०० डॉलर. सप्टेंबर २०२५ मध्ये इमिग्रेशन अपील बोर्डाने ठरवलं की अशा माणसाला ही सुनावणीच नाही. अनेक केंद्रीय जिल्हा न्यायाधीशांनी हेबियस कॉर्पसच्या, म्हणजे कोठडीला आव्हान देणाऱ्या, अर्जांवर याच्या उलट आदेश दिले. त्यामुळे कोठडी कुठल्या जिल्ह्यात, यावर आता फार काही अवलंबून आहे.

हद्दपारीच्या खटल्यात मुलाचा विचार होतो तो एका जागी. सलग १० वर्षं वास्तव्य, चांगली वर्तणूक, आणि नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक मुलाचे, जोडीदाराचे वा आईबापाचे 'अपवादात्मक आणि अत्यंत असामान्य' हाल होतील हे सिद्ध केलं, तर हद्दपारी रद्द होऊन ग्रीन कार्ड मिळतं. वर्षाला मर्यादा ४,००० जणांची, सगळ्या देशांचे मिळून. शब्द नीट वाचा: मुलाचे हाल झाले एवढं पुरत नाही, ते इतर हद्दपार पालकांच्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त व्हायला हवेत. बोर्डाच्या २००२ च्या दोन निकालांत फरक दिसतो. दोन्ही मेक्सिकन आया. दोन नागरिक मुलं असलेलीचा अर्ज फेटाळला. मेक्सिकोत शाळा वाईट, पैसा कमी, हे नेहमीचेच हाल ठरले. दुसरीला सहा मुलं, त्यांतली चार नागरिक, नवऱ्याचा आधार नाही, सगळे जवळचे नातेवाईक कायदेशीरपणे अमेरिकेत, मेक्सिकोत कोणीच नाही, मुलांचं स्पॅनिश कच्चं. तिचा अर्ज मंजूर झाला. म्हणून मुलाच्या शाळेचे अहवाल, विशेष शिक्षणाची कागदपत्रं, आजारपणाची फाइल, गावी कोण उरलंय याचा हिशोब, हे सगळं शक्य तितक्या आधी जमवावं. 'मूल फार रडतं' हे पत्र खरं असतं, पण कामाचं नसतं.

मुलाच्या मनाबद्दल थोडक्यात, कारण त्यावर बरंच लिहिलं जातं. पोटदुखी, अंथरूण ओलं होणं, शाळेला दांड्या, थोरल्या मुलीने घराची सूत्रं हाती घेणं, हे शिक्षकांना आधी दिसतं. परिणाम फक्त पकडलेल्यांच्या घरात थांबत नाही. मे २००८ मध्ये आयोवातल्या पोस्टव्हिलच्या कत्तलखान्यावर छापा पडला, ३८९ जणांना अटक झाली. त्यानंतरच्या काळात आयोवाभर लॅटिनो आयांच्या पोटी कमी वजनाची बाळं जन्मण्याचा धोका आदल्या वर्षाच्या तुलनेत २४ टक्क्यांनी वाढलेला आढळला, नागरिक आयांसह. शाळा आणि दवाखान्यांजवळ कारवाई टाळण्याची जुनी मार्गदर्शिका जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाल्यापासून लोक मुलाची लस आणि चष्मासुद्धा पुढे ढकलतात. शाळेचा हक्क मात्र शाबूत आहे. तो १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकला गेला, तोही टेक्ससमधल्या टायलरच्या मेक्सिकन मुलांच्या खटल्यात.

सीमेवर एकट्या सापडलेल्या मुलांत मेक्सिकन मूल वेगळं मोजलं जातं, हेही नमूद करतो. २००८ च्या कायद्याने ग्वातेमालाचं मूल ७२ तासांत बालसंगोपन यंत्रणेकडे जातं आणि त्याला न्यायालय मिळतं. शेजारी देशाच्या मुलाची सीमेवरच ४८ तासांत चौकशी होते: तस्करीचा बळी आहे का, परतायची भीती आहे का, स्वतः निर्णय घेऊ शकतं का. धोका दिसला नाही आणि मूल परत जायला तयार झालं, की ते वकिलातीमार्फत दिफच्या निवाऱ्यात जातं आणि तिथून घ्यायला कोणीतरी दक्षिण मेक्सिकोतल्या वाहाकाहून दोन दिवसांचा प्रवास करून येतं. प्रश्न विचारणारा गणवेशातला असतो, मूल थकलेलं असतं, आणि 'भीती नाही' हे उत्तर सगळ्यात लवकर तोंडातून निघतं.

शेवटी कुटुंब मेक्सिकोत गेलं तर. पासपोर्ट आधी. १६ वर्षांखालच्या मुलाच्या अमेरिकन पासपोर्टाला दोन्ही पालक हजर लागतात. एक नसेल तर त्याच्या संमतीचा डीएस-३०५३ अर्ज नोटरी करून, ओळखपत्राच्या दोन्ही बाजूंच्या प्रतीसह, सही झाल्यापासून तीन महिन्यांत द्यायचा. पालक कोठडीत असताना ही सही मिळवणं म्हणजे डोंगर, म्हणून आजच करा. फी १०० डॉलर अधिक ३५.

मग मेक्सिकन नागरिकत्व. मेक्सिकोत जन्मलेल्या पालकाचं मूल कुठेही जन्मलं तरी मेक्सिकन, आणि दोन्ही नागरिकत्वं ठेवता येतात. भारतासारखा एक सोडायचा प्रश्न नाही. पण नोंद व्हायला हवी. ती अमेरिकेतल्या मेक्सिकन वकिलातीत मोफत होते. न करता गेलात तर मेक्सिकोत नोंदणी कार्यालय जन्मदाखल्यावर अपोस्तिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणूनची सरकारी मोहोर, मागू शकतं, आणि ती ज्या राज्यात मूल जन्मलं तिथलंच कार्यालय देतं. समजा दाखल्यावर 'ब्रायन लोपेझ' एवढंच आहे. मेक्सिकोत त्याला 'ब्रायन लोपेझ गार्सिया' व्हायचंय. नाही झाला तर अठरा अक्षरी ओळखक्रमांकात, ज्याला 'कुर्प' म्हणतात, आईच्या आडनावाच्या जागी एक्स येतो. जन्मराज्याच्या जागी एनई असतंच, म्हणजे परदेशात जन्मलेला. मग शाळेचा दाखला एका नावाने, दवाखान्याचं कार्ड दुसऱ्या, पासपोर्ट तिसऱ्या. वकिलातीत नोंद करतानाच दोन्ही आडनावं लिहून घेतली तर वर्षांचा त्रास वाचतो.

शाळेत घालणं २०१५ च्या नियमबदलानंतर सोपं झालंय. अमेरिकन शाळेच्या कागदांना अपोस्तिल लागत नाही. निघताना दोन्ही देशांना मान्य असलेलं स्थलांतरित विद्यार्थ्याचं बदलीपत्रही मागून घ्या. खरी अडचण वर्गात आहे. मूल स्पॅनिश बोलतं, म्हणून शिक्षक धरून चालतात की लिहितंही. ते कधी लिहायला शिकलेलंच नसतं.

मूल आईबरोबर अमेरिकेतच राहिलं आणि सुट्टीत बापाला भेटायला मावशीबरोबर विमानाने गेलं, तर परतताना मेक्सिकन विमानतळावर अडवलं जाऊ शकतं. त्यांच्या लेखी ते मेक्सिकन अल्पवयीन आहे आणि पालकाशिवाय देश सोडतंय, त्यामुळे देशाबाहेर जाण्याची पालकाची लेखी परवानगी लागते. बाप तिथेच आहे, त्याने निघायच्या आधी ती करून द्यावी.

आणि २१ चा हिशोब. मूल नऊ वर्षांचं असताना बाप मेक्सिकोत परत गेला, तर ते २१ चं होईपर्यंत बाराएक वर्षं उलटलेली असतात, म्हणजे बाहेर काढलेली दहा वर्षं भरलेली. कायमची बंदी नसेल तर अर्ज करता येतो. त्यासोबत आर्थिक हमीपत्र द्यावं लागतं: उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के, आणि हमी देणाऱ्याचं कायम वास्तव्य अमेरिकेत. उत्पन्न कमी पडलं तर सहहमीदार चालतो, वास्तव्याला पर्याय नाही. त्यामुळे मेक्सिकोत बापाजवळ वाढलेल्या पोराला बापाला बोलावण्यासाठी आधी बापाला सोडून उत्तरेला जावं लागतं, खोली भाड्याने घेऊन नोकरी धरावी लागते, आणि मग तो अर्ज भरतो.